हीट पंप आधी घेतला, सोलर नंतर... परवडला का? नाशिकच्या घराचा खराखुरा हिशोब

लाईट बिल दीडशे रुपये येतंय. तेही फिक्स चार्ज आणि त्याच्यावरचं शुल्क, बाकी शून्य. आता तुम्ही म्हणाल मग काय रडतोयस, तर रडत नाहीये, पण गेल्या दोन वर्षात मला किमान पंधरा जणांनी विचारलं की पाणी तापवायचा हीट पंप पण घ्यायचाय आणि छतावर विजेचे सोलर पॅनल पण, दोन्ही एकत्र परवडतं का, आणि प्रत्येकाला फोनवर अर्धा तास तेच सांगून घसा सुकला, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. लांबलचक होणारे. चहा घेऊन बसा.

आधी घराचं सांगतो म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. नाशिक, इंदिरानगर, रो बंगलो, वर स्वतःची गच्ची. माणसं सहा: आई-वडील, आम्ही दोघं, दोन पोरं. दोन बाथरूमला पंचवीस-पंचवीस लिटरचे गिझर होते, एक एसी आहे तो एप्रिल-मे सोडला तर बंदच. बाकी फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळ्यांच्या घरी असतं तेच. महिन्याला सरासरी सव्वाचारशे युनिट जायचे.

नाशिकची थंडी ज्यांना माहितीय त्यांना सांगायला नको. निफाडला पारा पाच-सहावर गेला की पेपरात द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्याचे फोटो येतात, आणि आमच्याकडे त्या दिवशी वडील सकाळी साडेपाचला गिझर चालू करतात तो साडेनऊला शेवटचं पोरगं शाळेत गेलं की बंद होतो. त्या चार तासांचं बिल मी भरायचो. म्हणून २०२२ च्या दिवाळीत हीट पंप घेतला, २०० लिटरचा, टाकी, प्लंबिंग, दोन्ही बाथरूमपर्यंत गरम पाण्याची इन्सुलेशनवाली लाईन असं सगळं धरून १ लाख ८ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मुद्दा ब्रँडचा नाहीच.

हीट पंप म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फ्रिजच्या मागे हात लावून बघा, गरम लागतं ना? आतली उष्णता बाहेर फेकतोय तो. हीट पंप तेच उलटं करतो, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात सोडतो. वीज पाणी तापवायला जात नाही, कॉम्प्रेसर आणि पंखा चालवायला जाते. गणित सोपंय. २०० लिटर पाणी २५ डिग्रीवरून ५५ वर न्यायचं तर ७ युनिट उष्णता लागते, त्यात कुणाचं काही चालत नाही, शाळेतलं फिजिक्स आहे ते. गिझर ती सातच्या सात युनिट मीटरमधून घेणार. माझा हीट पंप वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला २.३ युनिट घेतो, बाकीची उष्णता हवेतून फुकट. मी त्याला वेगळा छोटा मीटर लावलाय, सहाशे रुपयाचा मिळतो, त्यामुळे हे अंदाजपंचे नाही.

म्हणजे महिन्याला १४० युनिट वाचले. आणि इथे खरी मेख आहे ती नीट बघा. हे १४० युनिट कुठले वाचले? वरचे. महावितरणचं बिल स्लॅबमध्ये असतं हे सगळ्यांना माहितीय पण हिशोब करताना सगळे विसरतात. २०२४-२५ च्या दराने (पुढचं सगळं गणित ह्याच दराने केलंय, तुमच्या बिलाच्या मागे आजचे दर छापलेले असतात ते टाकून बघा) पहिल्या १०० युनिटला ४.७१, मग ३०० पर्यंत १०.२९, आणि ३०० च्या वर गेलात की १४.५५. प्रत्येक युनिटवर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवायचे, १.१७ आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे तीनशेच्या वरचा युनिट सगळं धरून सव्वाअठरा रुपयाला पडतो आणि पहिल्या शंभरातला पावणेसातला. युनिट तोच, पंखा तोच, पण वरचा युनिट खालच्याच्या जवळपास पावणेतीन पट महाग!

हीट पंपने माझे ४२५ चे २८३ केले. बिल पावणेसहा हजारावरून ३२६५ वर आलं. महिन्याला अडीच हजार, वर्षाला ३० हजार. एक लाख आठ हजार साडेतीन वर्षात वसूल. मी खूश, बायको खूश, मित्रांना पार्टी.

इथपर्यंत गोष्ट सरळ होती.

मग २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, तीन किंवा त्याच्या वर कितीही लावा, ७८ हजारच्या पुढे सबसिडी नाही. कॉलनीत एकाने लावला, मग दुसऱ्याने, मग रोज संध्याकाळी कट्ट्यावर तुझे किती युनिट झाले माझे किती झाले. माझ्याकडे सोलरवाला आला तो पाच किलोवॅटचं कोटेशन घेऊनच आला. मी म्हटलं अरे माझा वापर तर तीनशे युनिटच्या आत आहे. तर म्हणतो, "काका, हीट पंप आहे ना तुमच्याकडे, तो लय लोड घेतो, पाच लागतीलच." हे वाक्य लक्षात ठेवा, कारण हे सगळीकडे ऐकायला मिळतं आणि ते साफ उलटं आहे. हीट पंप लोड घेत नाही, घटवतो. गिझर दोन किलोवॅटचा होता, हा चालताना सातशे वॅटच्या आसपास घेतो. पण "पंप" शब्द ऐकला की लोकांना पाच एचपीची विहिरीवरची मोटर आठवते त्याला काय करणार.

भांडून भांडून तीनवर आणला. साडेपाचशे वॅटचे सहा पॅनल, ३.३ किलोवॅट, सबसिडीसाठी लागतात ते डीसीआर म्हणजे देशी सेलवाले. दोन लाख पूर्ण, त्यातून ७८ हजार खात्यात परत आले, म्हणजे खिशातून १ लाख २२ हजार.

सबसिडी येण्याआधी एक गंमत झाली ती सांगतो, गंमत आता वाटते, तेव्हा डोक्याला ताप होता. आमचं वीजबिल आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन एकोणीस वर्षं झाली. तेवढी वर्षं आम्ही त्यांच्या नावाने बिल भरतोय, कुणाला कधी वाटलंच नाही की बदलावं. अर्ज करायला बसलो तर ग्राहकाचं नाव एक, बँक खात्याचं दुसरं. मग मृत्यूचा दाखला शोधा, वारसांची ना हरकत घ्या, आत्या पुण्याला, एक काका कल्याणला, त्यांच्या सह्या. सव्वा महिना त्यात गेला. पॅनल जूनमध्ये चढले, नेट मीटर (घेतलेली वीज आणि सोलरने परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) ऑगस्टमध्ये लागला. तेव्हा ज्याला कुणाला सोलर करायचाय त्याने कोटेशनच्या आधी बिलावरचं नाव बघा. गंभीरपणे सांगतोय.

तर आता उत्पादन. पहिल्या पूर्ण बारा महिन्यात ४२५० युनिट. मार्चमध्ये साडेचारशे, पण जुलै-ऑगस्टला दोनशेवीस-दोनशेवीस. झड लागली की दिवसाला चार-पाच युनिट सुद्धा पाहिलेत. आणि ज्यांना वाटतं जितकं ऊन तितकी वीज, त्यांना सांगतो, मे महिन्यातल्या भाजणाऱ्या दुपारी माझ्या अॅपमधला आकडा फेब्रुवारीतल्या थंड स्वच्छ दुपारपेक्षा कमी दिसतो. पॅनल तापला की मान टाकतो, उजेड पाहिजे त्याला, चटका नको.

माझा वर्षाचा वापर हीट पंप धरून ३४०० युनिट. म्हणजे साडेआठशे युनिट जास्तीचे तयार झाले. ह्या जास्तीच्या युनिटचं काय होतं? नेट मीटरमध्ये महिन्या-महिन्याला पुढे जमा होत जातात, पावसाळ्यात कमी पडले तर जमेतून वळते होतात, हे फार छान आहे, पण ३१ मार्चला खातं कोरं होतं. जे शिल्लक राहिलं त्याचे पैसे मिळतात पण आपण ज्या भावाने वीज घेतो त्याच्या जवळपासही नाही. आणि वेळ बघा कशी, ऑक्टोबर ते मार्च आपण ढिगाने जमवायचे आणि एप्रिलला एसी लावायच्या आदल्या दिवशी पाटी पुसली! पहिल्या मार्चला माझे सहाशे युनिट असेच गेले. तेव्हा कुठे मी कागद-पेन घेऊन बसलो, जे मी आधी बसायला पाहिजे होतं.

ऐका आता. सोलरने माझं ३२६५ चं बिल दीडशेवर आणलं. वर्षाला ३७ हजार ४०० वाचले. १ लाख २२ हजार सव्वातीन वर्षात वसूल. म्हणजे ज्यांच्याकडे आधीच हीट पंप आहे त्यांना सोलर परवडतो का, उत्तर हो, व्यवस्थित परवडतो, डोळे मिटून लावा. बँकेत एफडी ठेवून हे मिळणार नाही.

पण मग मी दुसरा हिशोब केला आणि तिथे तोंड कडू झालं. समजा मी हीट पंप घेतलाच नसता. जुने गिझर तसेच ठेवून सरळ हेच सहा पॅनल लावले असते तर? वापर वर्षाला ५१००, उत्पादन ४२५०, वर्षभराची सरासरी काढली तर महिन्याला सत्तर-एक युनिट विकत घ्यावे लागले असते, तेही खालच्या स्वस्त स्लॅबमधले. बिल सहाशे-सव्वासहाशे. वर्षाला ६१-६२ हजार वाचले असते. तेच पॅनल, तीच गच्ची, आणि दोन वर्षाच्या आत पैसे वसूल.

आणि त्याच्यानंतर हीट पंप घेतला असता तर त्याने काय वाचवलं असतं? ते सहाशेचे दीडशे. महिन्याला साडेचारशे-पाचशे रुपये. एक लाख आठ हजार वसूल व्हायला वीस वर्षं!! तोपर्यंत टाकी टिकणार का?

डोक्यात शिरतंय का काय होतंय ते? सोलर आणि हीट पंप एकमेकांचे जोडीदार म्हणून विकतात, पण स्लॅबच्या बिलात ते एकमेकांचे भाऊबंद आहेत, एकाच वाटणीवर भांडतायत. वरच्या महाग युनिटची जी मलई आहे ती जो पहिला येईल तो खातो, दुसऱ्याला ताक. माझ्याकडे हीट पंप पहिला आला म्हणून तो साडेतीन वर्षात पैसे फिटतात असं दाखवत होता. सोलर पहिला आला असता तर सोलर दोन वर्षात आणि हीट पंप म्हणजे शुद्ध चैन. दोन्ही मिळून बघाल तर २ लाख ३० हजार घालून वर्षाला ६७ हजार वाचतायत, आणि एकट्या सोलरने १ लाख २२ हजारात ६२ वाचले असते. मधल्या १ लाख ८ हजाराने वर्षाला पाच-साडेपाच हजाराचीच भर घातली. कुठल्याही सोलरवाल्याच्या किंवा हीट पंपवाल्याच्या पत्रकात हे नाही सापडणार, कारण पत्रकात प्रत्येक जण आपणच पहिले आलोय असं धरून चालतो.

आणखी एक चूक पॅनलच्या संख्येची. हीट पंप होताच तर मला सहा पॅनलची गरज नव्हती, चार पुरले असते. चार पॅनलचे मला १ लाख ४० सांगितले होते, त्याला साठेक हजार सबसिडी, म्हणजे ८० हजार. त्यात वर्षाला साडेतेहतीस हजार वाचले असते. शेवटच्या दोन पॅनलसाठी मी ४२ हजार जास्त मोजले आणि ते वर्षाला चार हजार पण देत नाहीत. आता म्हणे इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ म्हणजे ते युनिट वापरले जातील. म्हणजे वाया जाणारी वीज वाचवायला लाखाची गाडी. असं होतं आपलं!

बरं आता हीट पंपच्या बाजूने पण बोलतो, नाहीतर अन्याय होईल. गच्ची ज्यांना अपुरी आहे त्यांचं सगळं गणित फिरतं. दिवसाला २.३ युनिट म्हणजे किती? साडेपाचशे वॅटचा एक पॅनल थोडा कमी पडतो पण साधारण तेवढंच. म्हणजे आमच्या सहा जणांच्या अंघोळी एका पॅनलवर होतात, साधारण एका दाराएवढी रुंद आणि दारापेक्षा थोडी उंच काच. तेच काम गिझरने करायचं तर साडेतीन-चार पॅनल. आणि नळ्यांचा सोलर बंब दोनशे लिटरचा लावला तर तो पॅनलपेक्षा जास्त जागा खातो आणि पावसाळ्यात, नेमकं गरम पाणी पाहिजे तेव्हा, ढगाकडे बघत बसतो. पंधरा वर्षं आईच्या माहेरी बंब होता, जुलैमध्ये त्याच्यातून येणारं पाणी म्हणजे नुसतं कोमट आश्वासन. तरी ज्यांची गच्ची मोठी आहे आणि बजेट तीस-पस्तीस हजाराच्या पुढे नाही त्यांना बंबच बरा, उगाच हीट पंपच्या नादी लागू नका. ज्यांच्याकडे एक-दीड किलोवॅटचीच जागा आहे, सोसायटीत गच्चीचा वाटा तेवढाच येतो किंवा शेजारच्या बिल्डिंगची सावली आहे, त्यांनी मात्र हीट पंप जरूर बघावा, कारण जे पॅनल लागले नाहीत त्याचं काम तो करतो.

आता बसवण्यातल्या भानगडी. हीट पंप बसवणाऱ्याने तो मागच्या युटिलिटीत, तिन्ही बाजूनी भिंत आणि वर पत्रा अशा कोपऱ्यात बसवला, "साहेब पाऊस लागणार नाही". पहिल्या डिसेंबरात बघतो तर टाकी तापायला पाच-साडेपाच तास, मीटरवर चार युनिट. कारण काय, तो स्वतःच सोडलेली थंड हवा स्वतःच परत ओढत होता. बंद खोलीत पंखा लावून फ्रिजचं दार उघडं ठेवण्यासारखं. कंपनीच्या माणसाने येऊन गॅस चेक केला, सेन्सर चेक केला, सगळं ओके म्हणून सही घेऊन गेला. शेवटी आमच्या रोजच्या प्लंबरने, ज्याने हीट पंप आयुष्यात पहिल्यांदा बघितला होता, कोपऱ्यात उभं राहून सांगितलं, "दादा, हितं गारठा किती वाजतोय बघा, ह्याला मोकळ्यावर न्या." जिन्याच्या वर गच्चीवर नेला, नऊ हजार अजून गेले (वरच्या हिशोबात नाही धरले, दुःख होतं), आणि त्याच आठवड्यात साडेतीन तास, पावणेतीन युनिट. थंडीत पाणीच अठरा डिग्रीला असतं त्यामुळे हिवाळ्यात एवढे लागणारच.

टायमरचं पण असंच. सोलरवाला म्हणाला हीट पंप दुपारी लावा म्हणजे डायरेक्ट सोलरवर चालेल, पैसे वाचतील. दुपारी लावा हे बरोबर, कारण चूक. नेट मीटर आहे, २०२४-२५ च्या दरात दुपारचा युनिट आणि पहाटेचा युनिट माझ्या खात्यात सारखाच होता, त्याने एक पैशाचा फरक पडत नव्हता. खरा फरक पडतो हवेमुळे. जानेवारीत पहाटे नऊ डिग्री असतात आणि दुपारी एकला अठ्ठावीस. गरम हवेतून उष्णता ओढायला कमी कष्ट, इतकं साधंय. मी आठवडाभर दोन्ही करून बघितलं, पहाटे पाचला लावला तर तीन युनिटच्या वर जायचे, दुपारी एकला लावला तर अडीचच्या आत. रात्रभरात टाकीतलं पाणी ५५ चं ५१ वर येतं, सकाळी कुणाला कळत पण नाही. ज्यांना नेट मीटर नाही त्यांना मात्र सोलरवाल्याचं कारण पण लागू.

सोलरमधल्या तक्रारी कमी आहेत. एका पॅनलवर दुपारी साडेतीननंतर पाण्याच्या टाकीची सावली यायची, अॅपमधल्या आलेखाच्या डोंगराला बरोबर साडेतीनला खड्डा. आधी मला वाटलं ढग असेल, पण रोज त्याच वेळेला ढग कसा येईल. स्ट्रक्चर दीड फूट सरकवून घेतलं. कबुतरांनी खाली संसार मांडला, जाळी लावली. धुवायचं ते सकाळी सकाळी, आणि बोअरचं पाणी मारू नका, वाळलं की पांढरे डाग पडतात आणि ते घासून निघत नाहीत. बोअरचं पाणी हीट पंपच्या टाकीला पण वाईट, टाकी गंजू नये म्हणून आत असतो तो अॅनोड रॉड दीड वर्षात पेन्सिलीएवढा झाला होता. तो बदलायचा असतो हे विकताना कुणीच बोललं नव्हतं.

आणि एक गोष्ट लाखो वेळा सांगितली तरी लोकांना पटत नाही: लाईट गेली की सोलर पण बंद. लख्ख ऊन असलं तरी बंद. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो, तसं असलंच पाहिजे. आमचे वडील पहिल्या वेळी गच्चीवर जाऊन पॅनलकडे बघून आले, मग खाली येऊन म्हणाले, "दोन लाख घालून हे काय केलंस?" बॅटरीवाली सिस्टीम वेगळी आणि महाग, आमच्याकडे जुना बॅटरीचा इन्व्हर्टर आहे लाईट-पंख्याला, तेवढं बास.

मध्ये चुलतबहिणीचा इंग्लंडमधल्या लेस्टरहून फोन होता, तिच्याकडे घर गरम करायलाच हीट पंप आहे, रेडिएटरला जोडलेला. तिचं रडगाणं वेगळंच. तिकडे डिसेंबरात सोलर जूनच्या पाव-पंचमांश सुद्धा कसाबसा देतो आणि हीट पंप तेव्हाच भसाभसा खातो, आणि उन्हाळ्यातले युनिट हिवाळ्याला साठवून ठेवणारं आपल्यासारखं नेट मीटर खातं तिकडे नाही, जास्तीची वीज कंपनीला विकायची आणि थंडीत महाग विकत घ्यायची. तेव्हा युट्यूबवर तिकडचे व्हिडिओ बघून आपला हिशोब करू नका. आपल्याकडे थंडीत पण चांगलं ऊन असतं, आपला रुसवा फक्त जुलै-ऑगस्टशी.

मार्क द्यायचे तर सोलरला पाचपैकी साडेचार, अर्धा ३१ मार्चसाठी कापला. सोलरवाल्याला तीन, काम स्वच्छ केलं, अर्थिंग तीन वेगवेगळी दिली, फोन उचलतो, पण पाच किलोवॅट गळ्यात मारायला निघाला होता ते विसरणार नाही. हीट पंपला मशीन म्हणून चार, पण माझ्या घरात, माझ्या क्रमाने, पैशाच्या बाजूने अडीच. आणि बसवणाऱ्याला एक, तोही चहा पिऊन जाताना कप स्वतः विसळून ठेवला म्हणून.

गेल्या महिन्यात मेव्हण्याने सिन्नरला घर बांधलं. त्याला मी हेच सगळं सांगितलं, गिझर ठेव, आधी तीन किलोवॅट लाव, एक वर्ष बिल बघ, मार्चला शिल्लक उरते का कमी पडतात ते बघ, हीट पंपचा विचार त्याच्यानंतर. त्याने ऐकलं. मग म्हणाला, दाजी, एवढं पटलंय तर तुमचा हीट पंप विकून टाका, गच्चीवर नुसता बसलाय. मी काही बोलायच्या आत आई आतून बाहेर आली.

त्याचं असं आहे की हीट पंपच्या तोंडातून जी हवा येते ती गार असते आणि तिच्यातलं पाणी आतच निथळून गेलेलं असतं, पावसाळ्यात दिवसाला तीन-चार लिटर पाणी खाली बादलीत जमतं. जिन्याच्या वरच्या त्या मोकळ्या जागेत आईने दोरी बांधलीय. दुपारी एकला तो चालू झाला की समोर पोरांचे युनिफॉर्म, साडेचारला काढते, श्रावणात सुद्धा कुबट वास नाही. बादलीतलं पाणी तुळशीला.

"हात तर लावून बघा त्याला," म्हणाली.